मातीतील जिवाचे बारसे

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधील संशोधकांनी तेथील मातीतल्या जिवाणूपासून ‘हॅमायसिन’ हे बुरशीनाशक औषध मिळविले आणि त्या जिवाणूच्या नावात पिंपरीस स्थान दिले. मात्र केवळ नाव दिल्याने जात सिद्ध होत नाही. १६ एस आरएनए जनुकाचे ज्ञात जातींशी साम्य सुमारे ९८.७ टक्क्यांहून कमी असल्यास जात नवी मानण्यास आधार मिळतो. पुढे गुणधर्म तपासून जिवंत नमुना दोन देशांतील संग्रहांत ठेवावा लागतो. १९८० च्या अधिकृत सूचीत थोडीच नावे टिकली; पुरेसे वर्णन वा नमुना नसलेली हजारो गळाली. तेव्हा शोधाइतकेच जतनही शास्त्रकार्यच होय. प्राध्यापक निवृत्त होताच जेथे परीक्षानळ्या मोरीत रिकाम्या होतात, तेथे मातीतील धन पुन्हा मातीसच मिळते.