डिकीतली स्टेपनी ‘ओरिजिनल’ आहे, हे कशावरून?

शिरूर-दौंड भागात जुनी गाडी विकायला निघाली की बोलणी इंजिनापासून सुरू होतात आणि हमखास डिकीपाशी येऊन थांबतात. “स्टेपनी बघा, कंपनीची आहे. एकदाही रस्त्याला लागलेली नाही.” भीमा आणि घोड नदीच्या काठच्या बागायती गावांतल्या गोठ्यांत, पडव्यांत अँबेसेडर, कुर्ल्याची फियाट, महिंद्राची जीप अजूनही सापडते. अशा गाडीच्या पाचव्या चाकाबद्दल जे बोललं जातं त्यातलं बरंचसं पारखून घ्यावं लागतं. चुकीच्या समजुतीपायी दोन्ही बाजूंनी नुकसान होतं. कुणी साध्या टायरला मोठी किंमत मोजतो, तर कुणी खरोखर जुना ऐवज भंगारात घालतो.

‘वापरली नाही म्हणून मूळची’ हा सगळ्यात पक्का गैरसमज आहे. गाडी नवी होती तेव्हाचा काळ आठवा. फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. टायर महाग होते, आणि हवा तेव्हा मिळतीलच असं नव्हतं. चारांतला एक गोटा झाला की पहिली बाहेर निघायची ती स्टेपनीच, आणि जो टायर रिमोल्ड करून आणला जाई तो तिच्या जागी पडून राही. शिवाय पाचही चाकं आलटूनपालटून फिरवावीत, म्हणजे झीज सारखी होते, हा जुन्या गाड्यांच्या देखभालीतला रीतसर सल्ला होता. त्याआधीच्या गाड्यांचं तर विचारूच नका. १९४२ मध्ये मलाया जपानच्या ताब्यात गेला, रबराचा तुटवडा पडला आणि टायरवर रेशनिंग आलं. युद्धाच्या त्या वर्षांत जी गाडी खरोखर चालवली गेली, तिची पहिली स्टेपनी तशीच्या तशी राहिली असेल तर तो अपवादच मानावा. म्हणून डिकीत कोरा टायर दिसला की मला आधी शंका येते ती तो नंतर घेतल्याची.

टायरवरचे बारीक रबरी केस दाखवूनही काही सिद्ध होत नाही. ते केस साच्यातली हवा निघण्याच्या भोकांमुळे येतात. टायर फारसा धावला नाही एवढंच त्यावरून कळतं, बनला केव्हा ते कळत नाही.

नाव आणि नक्षी पाहून निकाल देणं आणखी धोक्याचं. जुन्या गाड्यांच्या शौकिनांसाठी जुन्या नावांचे, जुन्याच नक्षीचे टायर आजही नव्याने बनवले जातात. अमेरिकेतली कोकर ही कंपनी त्यासाठीच प्रसिद्ध आहे. उलट, परदेशी शिक्का नाही म्हणून टायर बदललेला समजणंही चूक. डनलॉपचा बंगालमधला साहागंजचा कारखाना १९३६ मध्येच सुरू झाला होता. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाट ११०० बनू लागली ती १९५४ मध्ये, म्हणजे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. त्या गाडीवर भारतात बनलेला टायर असणं अगदी स्वाभाविक आहे.

कंपनीचा इतिहास मात्र एका बाबतीत फार उपयोगी पडतो, तो म्हणजे अशक्य गोष्टी वगळायला. सीएट भारतात १९५८ मध्ये आली. अपोलोची स्थापना १९७२ ची. मग १९६५ च्या फियाटमधला अपोलोचा टायर कितीही जुनाट दिसला तरी तो गाडीबरोबर आलेला नाही, यात वाद नाही. १९३० च्या दशकातल्या गाडीच्या टायरवर ‘नायलॉन’ लिहिलेलं असेल तरी तोच निकाल, कारण टायरच्या दोऱ्यात नायलॉन आला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात.

खरी माहिती असते ती टायरच्या कुशीवर. फडक्याने पुसून, बॅटरी तिरकी धरून अक्षरं वाचावीत. फियाट ११०० आणि पद्मिनीचं माप ५.२०-१४, अँबेसेडरचं ५.९०-१५, जुन्या जीपचं ६.००-१६. मध्ये नुसती आडवी रेघ असलेलं हे माप त्या काळच्या क्रॉसप्लाय टायरचं. त्याजागी १६५/८० आर १४ अशा थाटाचं माप असेल तर तो रेडियल आहे. साठच्या दशकातल्या कुर्ल्याच्या फियाटवर त्याचं काही काम नाही. ‘ट्यूबलेस’ असं लिहिलं असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही.

माप जुळलं म्हणजे काम झालं, असं मात्र नाही, आणि आपल्या भागात नेमकी इथेच फसगत होते. ६.००-१६ हे जीपचं माप तसंच ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचंही. शेतावरची जीप, दारात ट्रॅक्टर. एकाचा टायर दुसऱ्याला बसवणं सोपं. लांब उभ्या धारांचा, ‘एफ-२’ असं लिहिलेला टायर दिसला तर तो शेतीचा आहे. जीपचा तो नव्हेच, आणि रस्त्यावरच्या वेगासाठी तो बनवलेलाही नाही. तसंच ‘ए.डी.व्ही.’ अक्षरांचं. डनलॉपचं नाव पाहून कुणी हरखून जातो, पण तो टायर उसाच्या बैलगाडीचा असतो.

‘४ पीआर’, ‘६ पीआर’ म्हणजे तितके थर, ही समजूतही सोडून द्यावी. तो टायरच्या ताकदीचा निर्देशांक आहे. एके काळी सुती दोऱ्याच्या थरांवरून तो ठरला. पुढे दोरा मजबूत झाला, तसे कमी थरांत तीच ताकद मिळू लागली.

तारखेच्या आकड्यांवर तर लोक डोळे झाकून विश्वास ठेवतात. २००० पासून टायरवरच्या ‘डॉट’ क्रमांकातले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात; ‘२३१४’ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. त्याआधी तीनच आकडे असत, त्यामुळे ‘२३८’ हा १९७८ चाही असू शकतो आणि १९८८ चाही. अशा वेळी बाकीच्या खुणांशी ताळा घ्यावाच लागतो. त्यातही ‘डॉट’ ही खूण अमेरिकेच्या कायद्यातून आलेली आहे. तिथे विकायचाच नव्हता अशा टायरवर ती नसणं स्वाभाविक, म्हणून ती नाही यावरून काहीच ठरत नाही. आय.एस. १५६३३ हा क्रमांक दिसला तर मात्र विषय संपला. ते मानकच २००५ सालचं आहे.

‘चासी नंबरवरून टायरचा नंबर जुळवून मिळेल’ असंही ऐकायला मिळतं. आरसी बुकात चासी आणि इंजिनाचे नंबर असतात, टायरचे नाहीत. शिरूर तालुक्यातच, रांजणगाव एमआयडीसीत, फियाटचा कारखाना आहे, तेव्हा तिथे विचारून कळेल असं कुणाला वाटणं साहजिक आहे. पण टाटांच्या भागीदारीतला तो कारखाना पुष्कळ नंतरचा. जुन्या फियाट आणि पद्मिनी कुर्ल्याला बनल्या, वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीत. टायरच्या नंबराचा कागद मिळालाच तर तो घरातल्या जुन्या फायलीत मिळेल. टायर विकत घेताना बिलावर त्याचा नंबर लिहीत. स्टेपनीचा नंबर एखाद्या जुन्या बिलावर सापडला, तर ती नंतर घेतली हे पक्कं होतं. ‘मूळची’ म्हणून पुरावा मिळणं दुर्मीळ, ‘मूळची नाही’ म्हणून पुरावा मिळणं त्या मानाने सोपं.

माझ्या मते सगळा जीव टायरवर लावण्यापेक्षा डिस्ककडे पाहावं. रबर बदललं जातं, पोलादी डिस्क बहुधा टिकते. बाकीच्या चार डिस्कशी तिची भोकं, कड, ठोकलेली अक्षरं ताडून पाहा. मागच्या बाजूचा रंग पाहा, कारण गाडी पुन्हा रंगवणारे तिथे क्वचितच हात फिरवतात. आणि पंक्चरच्या दुकानात ती टॉमी घालून, हातोडीने ठोकून उघडायला देऊ नका. गंज खरवडून चकचकीत केलेल्या डिस्कवर वाचण्यासारखं काहीच उरत नाही.

टायर बदलला की गाडीचा ‘व्हिंटेज’ दर्जा जातो, ही भीती निराधार आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी भर पडली तिच्यानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज ठरते. तिने मूळ रूप जपलेलं असावं, म्हणजे चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. चासी-बॉडी-इंजिनाच्या त्या अटीत टायर बसत नाही.

आणि शेवटी जिवाशी गाठ असलेली गोष्ट. ‘वापरलीच नाही, मग चांगलीच असणार’ असं म्हणून कृपा करून चाळीस-पन्नास वर्षांच्या स्टेपनीवर गाडी चालवू नका. रबर पडून राहिलं तरी हवेतल्या ऑक्सिजन-ओझोनने कडक होतं, भेगाळतं. आतला दोरा कुजला तर बाहेरून दिसतही नाही. टायर बनवणारेच दहा वर्षांनंतर, स्टेपनी असली तरी, टायर काढून टाकायला सांगतात. जुन्या टायरमध्ये कॉम्प्रेसरने एकदम हवा भरणंही टाळा, फुटला तर जवळचा माणूस जबर जखमी होतो. मूळची ठरलेली स्टेपनी डिस्कसकट वेगळी ठेवा. उन्हापासून, तेल-ग्रीसपासून, आणि पाण्याची मोटर किंवा वेल्डिंग चालतं त्या खोलीपासून लांब, कारण तिथे ओझोन तयार होतो. चालवण्यासाठी त्याच मापाचे पाच नवे टायर घ्या, आणि त्यांची बिलं नंबरांसकट फायलीत लावा.