शेतकामांतून उपजलेलें गाणें

गाणें रचण्यास विद्या लागते, शब्दभांडार लागतें आणि निवांत वेळ लागतो, असा सर्वसाधारण समज आहे. शेतकऱ्याच्या घरीं या तिन्ही गोष्टींची वाण. म्हणून काव्य हा आपला प्रांत नव्हे, असें आपल्यापैकीं पुष्कळांस वाटतें. हा समज किती पोकळ आहे, हें खानदेशांतील एका शेतकरी बाईच्या उदाहरणावरून दिसून येईल.

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म सन १८८० मध्यें जळगांवनजीक असोदे गांवीं झाला. तेराव्या वर्षीं लग्न होऊन त्या जळगांवास आल्या. पुढें ऐन उमेदींत वैधव्य आलें व मुलांचा सांभाळ आणि शेतीचा भार त्यांच्यावर पडला. अक्षरओळख मुळींच नव्हती. तरीहि दळतांना, शेतांत खपतांना त्यांच्या तोंडून ओव्या सहज निघत.

या गाण्यांची जडणघडण बारकाईनें पाहण्यासारखी आहे. पेरणी, कापणी, उपणणी, मोट, जातें, पोळा, आखाजी असे त्यांचे विषय. जें रोज हाताखालून गेलें, तेंच गाण्यांत आलें. दृष्टांतहि तेथलेच. मनाचें चांचल्य सांगतांना पंडित वाऱ्याची उपमा देतात. बहिणाबाईंस आठवलें तें उभ्या पिकांत शिरणारें, कितीदांहि हाकललें तरी पुनः तेथेंच वळणारें ढोर. ज्यानें राखण केली आहे त्यास अर्थ सांगावा लागत नाहीं. ज्यानें शेत पाहिलेंहि नाहीं, त्यासहि त्यांत स्वतःचें मन ओळखूं येतें. वैधव्याच्या गाण्यांतहि नुसता विलाप नाहीं. बांगड्या फुटल्या तरी मनगटांतलें कर्तृत्व शाबूत आहे, असें त्या स्वतःसच बजावतात.

सर्वांस रुचावें म्हणून जो मोघम लिहितो, त्याचें गाणें कोणाच्याच मनास भिडत नाहीं. आपल्या वावरांतलें, आपल्या चुलीपुढचें जो नेमकें सांगतो, त्याचें दूरवर पोंचतें. जमीन ज्यानें कसली, तिचा कस त्यालाच ठाऊक. तसेंच हें आहे.

चालीचेंहि तसेंच. बहुतेक चरण आठ अक्षरांचे, जात्याच्या फेऱ्यास व दळणारीच्या श्वासास जुळणारे. यमकामुळें ते ध्यानांत राहतात. भाषा घरचीच बोली. तिला ग्रंथांचा साज चढविलेला नाहीं.

परंतु एवढ्यानें गाणें टिकत नाहीं. चिरंजीव कवि सोपानदेव व त्यांचे एक मावसभाऊ यांनीं ऐकतांना जेवढें टिपून घेतलें, तेवढेंच आज हातीं आहे. बाकीचें हवेंत विरलें. ता. ३ डिसेंबर १९५१ रोजीं बहिणाबाई वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनीं हीं टिपणें आचार्य अत्रे यांस दाखविलीं आणि १९५२ मध्यें 'बहिणाबाईंचीं गाणीं' हें पुस्तक अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघालें. १९६१ सालच्या 'मानिनी' बोलपटानें तीं घरोघर नेलीं. २०१८ पासून जळगांवच्या विद्यापीठास या निरक्षर बाईचें नांव आहे.

शेतकरी बंधूंनीं यावरून दोन गोष्टी घ्याव्या. पिठाची गिरणी आली, जातें अडगळींत गेलें. त्यावर गाइलेल्या आयाबाया आतां थकल्या आहेत. घरांतील लिहित्या मुलानें वही घेऊन आजीपाशीं बसावें. शब्द सुधारूं नयेत, बोली जशी असेल तशी उतरावी, आणि कोणती ओवी कोणत्या कामाच्या वेळीं म्हणत तें शेजारीं टिपावें. हें काम पुढच्या सुगीवर टाकण्यासारखें नाहीं.

दुसरी गोष्ट, ज्यास स्वतः रचावेंसें वाटतें त्यानें मोटेचें गाणें पुनः गाऊं नये. रात्रींच्या विजेवर पाणी भरणें, कापसाच्या वेचणीला माणूस न मिळणें, बाजारसमितींत मालाच्या ढिगाजवळ भावाची वाट पाहणें, हें आजचें आपलें जिणें आहे. त्याचें गाणें दुसरा कोणी रचील, ही आशा व्यर्थ होय.