पाखरांना मराठी नावं देणारे आपले सोलापूरकर



ज्वारी हुरड्यात आली की शेतावर भोरड्यांचे थवेच्या थवे उतरतात. आपण गोफण फिरवतो, डबे वाजवतो, घसा बसेपर्यंत ओरडतो. पण ही पाखरं हिवाळ्यात येतात कुठून आणि ऊन तापलं की जातात कुठे? तर ती येतात पार मध्य आशियाकडून, हजारो किलोमीटर उडत. ज्वारी खातात हे खरं, पण पिकांवरचे नाकतोडेही तीच फस्त करतात.

पाखरांबद्दल असे प्रश्न जन्मभर विचारत राहिलेला एक माणूस आपल्याच सोलापुरात जन्मला. त्यांचं नाव मारुती चितमपल्ली. लोक त्यांना ‘अरण्यऋषी’ म्हणत. आज आपण त्यांची ओळख करून घेऊ.

चितमपल्लींचा जन्म नोव्हेंबर १९३२चा. घरची भाषा तेलुगू, शिक्षण सोलापुरात. त्यांच्या आईला झाडापाखरांची पुष्कळ माहिती होती. रानाची गोडी त्यांना लागली ती तिच्यामुळे. म्हणजे या मोठ्या अभ्यासकाची पहिली शाळा घरातच भरली, आणि तिथली गुरू एक बाई होती. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवूया, शेवटी ती आपल्या कामाला येणार आहे.

कॉलेजनंतर त्यांनी कोइमतूरला जाऊन वनखात्याचं प्रशिक्षण घेतलं आणि वनाधिकारी झाले. पुढची तीस वर्षं आणि त्याहून अधिक काळ रानात गेला. रायगडातलं कर्नाळा, विदर्भातलं नवेगावबांध आणि नागझिरा, अमरावतीकडचं मेळघाट अशा जंगलांत त्यांनी काम केलं. मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पाचे ते उपसंचालक होते. १९९०मध्ये निवृत्त झाले.

साहेब म्हणून ते नुसते जीपमधून फिरले असते, तर आज आपण त्यांच्याबद्दल बोलत नसतो. ते पायी हिंडले. मासे धरणारे ढिवर, गोंड, कोरकू, पारधी, गुराखी यांच्याजवळ बसले. या पाखराला तुम्ही काय म्हणता, ते अंडी कधी घालतं, हे झाड कशाला उपयोगी पडतं, असं विचारत गेले आणि ऐकलेलं टिपून ठेवत गेले. शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही रानाचं शास्त्र ठाऊक असतं, हे त्यांनी ओळखलं. मग पुस्तकात वाचलेलं, लोकांनी सांगितलेलं आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं त्यांनी एकमेकांशी ताडून बघितलं.

त्यातूनच पुस्तकं झाली. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’ आणि ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र. ‘पक्षिकोशा’त त्यांनी पाखरांची नावं आणि माहिती एकत्र केली. जिथे मराठी शब्द नव्हता तिथे तो घडवला. तळ्याकाठच्या एखाद्या बाभळीवर बगळ्यांची पन्नास घरटी एकत्र दिसतात ना? त्या वसाहतीला त्यांनी ‘सारंगागार’ म्हटलं, आणि कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’. नाव नसलं की वस्तू डोळ्यांसमोर असूनही नजरेत भरत नाही. नाव मिळालं की तिच्याबद्दल बोलता येतं, आणि ती राखावी असंही वाटू लागतं.

पाखरांच्या वागण्यावरून पावसाचा अंदाज बांधण्याच्या जुन्या समजुतीही त्यांनी टिपल्या. कावळ्याचं घरटं कुठल्या झाडावर, किती उंचीवर आहे, हे आपल्याकडची म्हातारी माणसंही बघतात. हे ज्ञान जपावं, जरूर जपावं. पण पेरणी करताना जमिनीतली ओल आणि हवामान खात्याचा अंदाज बघूनच चाडं हातात धरावं.

२००६मध्ये सोलापुरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष चितमपल्लीच होते. आयुष्याच्या अखेरीस ते सोलापूरला परतले. २०२५मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरातच त्यांनी देह ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या सोलापुरात कुठलं आलंय जंगल? मैत्रिणींनो, आपला माळ हेच आपलं रान. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९मध्ये झालं. माळढोक उघड्या माळावर, गवतात, बहुधा एकच अंडं घालतो. माळ नांगरला, गवत गेलं, कुत्री वाढली की ते अंडं टिकत नाही. एके काळी तिथे दिसणारा हा पक्षी आता क्वचितच नजरेला पडतो. माळाला ‘पडीक’ म्हटलं की तो गेलाच म्हणून समजा.

पाखरू जातं तसं त्याचं नावही जातं. आपल्या सासूबाईंना, आजीला माळावरची किती पाखरं, किती रानभाज्या ठाऊक आहेत! लेकीला त्यातल्या किती सांगता येतील?

म्हणून कायद्यानेच एक सोय केली आहे. २००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. गावातली झाडं, पाखरं, बियाणं, औषधी वनस्पती आणि त्यांच्याबद्दल गावाला असलेली माहिती ‘लोक जैवविविधता नोंदवही’त लिहायची, हे तिचं काम. या समितीत किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात.

तर पुढच्या बचत गटाच्या बैठकीत एवढं करूया. आपल्या गावच्या समितीत कोणत्या बाया आहेत, ते ग्रामसेवकांना विचारूया. नोंदवही बघायला मागूया. आणि एका वहीत गटातल्या सगळ्यात वयस्क बाईकडून नावं उतरवून घेऊया. पाखराचं नाव, ते कधी दिसतं, कुठे राहतं, काय खातं. लिहिता येणारीनं लिहायचं, आठवणारीनं सांगायचं. वही भरली की ती समितीकडे द्यायची, म्हणजे आपल्या आजीचं ज्ञान गावाच्या दप्तरात जाईल.

चितमपल्लींनी आईकडून ऐकलं आणि जगाला दिलं. आपल्या घरातली आई अजून सांगतेय, तोवर लिहून घेऊया.