ध्येय गाठल्यावर पुढे काय?

गेल्या उन्हाळ्यात मंडळाच्या परीक्षेचा निकाल लागून पंधरवडा लोटला असेल, तोच आमची एक विद्यार्थिनी आईसह आमच्या घरी आली. गुण उत्तम पडले होते, पेढे वाटून झाले होते, आप्तेष्टांची अभिनंदनेही संपली होती. मुलगी मात्र खिन्न दिसली. दोन वर्षे तिच्या मेजासमोरच्या भिंतीवर अभ्यासाच्या वेळापत्रकाचा एक कागद चिकटवलेला होता. निकालाच्या दिवशी तिने तो मोठ्या उत्साहाने काढून टाकला. "आता तेथे भिंतीवर पांढरा चौकोन तेवढा उरला आहे," ती म्हणाली, "आणि सकाळी उठून काय करायचे तेच कळत नाही." आईने तिला रोज संध्याकाळी मोठ्या तलावावर फिरावयास नेऊन पाहिले, दृष्टही काढली. उपयोग झाला नाही.

आम्हांस या गोष्टीचे नवल वाटले नाही. आमची घरची भाषा कोकणी. लहानपणी वर्गात पहिला नंबर आल्याचे धावत सांगावयास गेलो, की आमची आजी कौतुकाने गालावरून हात फिरवी आणि लगेच विचारी, "फुडें कितें?" म्हणजे, पुढे काय? तेव्हा तो प्रश्न आम्हांस अरसिकपणाचा वाटे. आता वाटते की, सर्व घरात खरा प्रश्न तिलाच काय तो सुचत होता.

ध्येय आपल्याकडून दुहेरी काम करून घेते. ते दिशा दाखविते हे सर्वांना ठाऊक असते. परंतु ते आपला दिवसही उभा करते, हे सहसा ध्यानात येत नाही. केव्हा उठावे, काय टाळावे, कोणाचे बोलावणे नाकारावे, हे सारे तेच परस्पर ठरवीत असते. ध्येय हाती आले की बक्षीस मिळते, पण दिवसाचा तो सांगाडा त्याच क्षणी निखळतो. शिवाय मेंदूची रचनाही अशीच आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. माकडाला अचानक फळांच्या रसाचा थेंब मिळाला, की त्याच्या मेंदूतील 'डोपामिन' हे द्रव्य स्रवणाऱ्या पेशी उसळून येत. पुढे रसापूर्वी दर वेळी एक खूण दाखविण्याचा क्रम ठेवला. माकड त्याला सरावल्यावर पेशी खूण दिसताच उसळू लागल्या, आणि प्रत्यक्ष रस मिळताना मात्र स्वस्थ राहू लागल्या! माणसाचे मन माकडाहून पुष्कळ गुंतागुंतीचे आहे हे खरे. तरीही दोन वर्षे ज्याची वाट पाहिली तो रस जिभेवर पडताना फिका का लागतो, याचा थोडा उलगडा येथे होतो. तो कृतघ्नपणा नव्हे, आणि दृष्ट तर नव्हेच.

मग ज्यांनी फार मोठे ध्येय गाठले, त्यांचे दुसऱ्या दिवशी काय झाले? यासाठी आम्ही कोकणच्या किनाऱ्यावरील दोन माणसे घेतो. दोघांचाही जन्म १८७६ सालचा. एकाचा रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डी या खेड्यातला, दुसऱ्याचा गोव्यातील सांखवाळचा.

पहिले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, महर्षी कर्व्यांचे बंधू लागत. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन सरकारी शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजला गेले, आणि १८९९ साली तेथील गणिताच्या परीक्षेत जॉर्ज बर्टविसल या इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने पहिले आले. हा मान मिळविणाऱ्यास 'सीनियर रँग्लर' म्हणत, आणि त्या काळी इंग्लंडात त्याचे नाव वर्तमानपत्रांत झळके. एवढ्या मानानंतर या पहिल्या आलेल्यांचे पुढे काय होई, हे पाहण्यासारखे आहे. कित्येक जण वकिलीत शिरले आणि त्यांनी गणिताला पुन्हा हात लावला नाही. उलट केल्व्हिन १८४५ साली, मॅक्सवेल १८५४ साली आणि जे. जे. टॉमसन १८८० साली याच परीक्षेत दुसरे आले होते! दुसऱ्या क्रमांकावर राहून रडणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी ही तीन नावे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यास हरकत नाही. क्रमवारी जाहीर करण्याची ती प्रथा १९०९ नंतर बंद पडली.

परांजप्यांपुढे मोठमोठ्या जागांचे दरवाजे उघडे होते. पण विलायतेस जाण्यापूर्वीच, परत येऊन डेक्कन एज्युकेशन सोसायटीत अल्प वेतनावर शिकविण्याचा शब्द ते देऊन गेले होते. १९०२ साली ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि सुमारे दोन दशके त्या जागेवर राहिले. पहिले येणे हे त्यांच्या लेखी वाटेवरचे एक ठाणे होते. त्याच्या पुढचा मुक्काम आधीच ठरलेला होता. मात्र याची किंमत पडली. महाविद्यालयाच्या कारभारात गणितातील स्वतंत्र संशोधन मागे राहिले. ते केंब्रिजलाच राहते तर काय झाले असते, असा प्रश्न विचारणारे विचारतात, आणि आमच्या मते तो विचारलाच पाहिजे. दिलेला शब्द पाळताना काहीच हरवत नाही, असे मुलांना सांगणे खोटेपणाचे होईल.

दुसरे धर्मानंद कोसंबी. कोकणी घरात त्यांचे नाव जरा जास्तच आपुलकीने घेतले जाते, तेव्हा येथे आमचा पक्षपात झाल्यास वाचकांनी क्षमा करावी. मुलांसाठी निघणाऱ्या 'बालबोध' मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि बुद्धधर्म मुळापासून जाणून घेण्याचा ध्यास घेतला. त्याच १८९९ साली, घरी पत्नी आणि तान्ही मुलगी असताना, ते बाहेर पडले. पुण्यास आले, ग्वाल्हेरवरून काशीस गेले, तेथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, नेपाळ पाहिले, १९०२ साली सिंहलद्वीपात जाऊन श्रामणेराची दीक्षा घेतली आणि पाली भाषा आत्मसात केली, ब्रह्मदेशातही राहिले. ज्यासाठी घर सोडले होते ते मिळाले. भिक्षू होऊन तेथेच उर्वरित आयुष्य काढणे त्यांना शक्य होते, आणि त्यात कोणी उणे काढले नसते.

परंतु ते परतले. पत्नी आणि मुलगी यांची पुन्हा भेट झाली. (त्या माउलीने ती वर्षे कशी काढली असतील, हे कोणत्याही गौरवलेखात पुरेसे आढळत नाही.) कलकत्ता विद्यापीठात पाली शिकविण्याची चांगली नोकरी मिळाली, तीही त्यांनी सोडली. कारण हे ज्ञान महाराष्ट्रात न्यावे, अशी तळमळ होती. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड महाराज त्यासाठी दरमहा ५० रुपये देण्यास तयार होते. कलकत्त्याच्या वेतनापुढे ही रक्कम अगदी थोडी. कोसंबींनी ती पत्करली. पुढे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात जाऊन त्यांनी 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम केले, आणि १९१२ साली ते पुण्यास पालीचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. कोणत्या महाविद्यालयात? फर्ग्युसनमध्येच, आणि प्राचार्य होते परांजपे! १८९९ साली एक केंब्रिजच्या यादीत शिखरावर होता, दुसरा काखोटीला वळकटी मारून घराबाहेर पडत होता. तेरा वर्षांनी दोघे एकाच आवारात मुलांना शिकवीत होते. कोसंबी तेथे १९१८ पर्यंत होते. त्यांचे चिरंजीव दामोदर पुढे गणिती झाले आणि १९३०च्या दशकात याच महाविद्यालयात गणित शिकवू लागले.

आमच्या येथून सांची फार दूर नाही. शाळेची सहल तेथे जातेच. पुढच्या वेळी स्तूपाभोवती प्रदक्षिणा घालताना तो सांखवाळचा तरुण आठवावा, एवढी विनंती.

त्या मुलीला आम्ही हे सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पण सर, त्यांना पुढचे आधीच ठाऊक होते. मला ठाऊक नाही, त्याचे काय?"

प्रश्न रास्त होता. तो ऐकून आजीची आठवण झाली. ठाऊक नसेल तर काही दिवस ठाऊक नसू दे, असे आम्ही म्हणालो. सुट्टी अजून शिल्लक होती, आणि धाकट्या भावाचे गणित कच्चे होते. आईचे मत निराळे पडले. स्पर्धापरीक्षेच्या शिकवणीचे नवे वेळापत्रक त्यांनी येतानाच पिशवीत घालून आणले होते. ते त्या पांढऱ्या चौकोनावर इतक्यात चिकटवू नये, अशी आम्ही त्यांना पुन्हा पुन्हा विनवणी केली. चिकटवले किंवा कसे, ते अद्याप कळलेले नाही. भाऊ मात्र आता अपूर्णांक सोडवू लागला आहे.