जुनी मोटार आणि ऐपतीचा हिशेब

भारतात मोटारगाडी ही दीर्घकाळ दुर्मीळ वस्तू होती. ॲम्बॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी मिळण्यासाठी ग्राहकाला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. साहजिकच वापरलेल्या गाडीलाही चढा भाव येई. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली, १९९३ मध्ये मोटारनिर्मितीवरील परवानापद्धती संपली आणि ही स्थिती पालटली. आज जुन्या गाड्यांची वाण नाही; वाण आहे ती विश्वसनीय माहितीची. म्हणूनच मर्यादित ऐपतीच्या कुटुंबाने गाडी शोधण्यापूर्वी हिशेब मांडणे श्रेयस्कर ठरते.

गाडीची किंमत म्हणजे संपूर्ण खर्च नव्हे. समजा, हाताशी तीन लाख रुपये आहेत. नावबदल, विमा, टायर, बॅटरी आणि पहिली दुरुस्ती यांसाठी त्यांतील पन्नास हजार बाजूला काढले, तर अडीच लाखांपर्यंतचीच गाडी पाहावी. सगळी पुंजी खरेदीतच संपवणाऱ्याची गाडी पुष्कळदा पहिल्याच मोठ्या बिघाडानंतर दारात उभी राहते.

वाजवी किमतीचा अंदाज विम्याच्या कोष्टकावरून बांधता येतो. त्यात मूळ किमतीतून दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घट धरतात. प्रत्यक्ष भाव यापेक्षा कमीअधिक असू शकतो. मात्र घासाघीस करण्यास काही आधार मिळतो.

गाडी पाहावी ती दिवसाउजेडी आणि इंजिन थंड असताना. धुराचा निळसर रंग इंजिनमध्ये ऑइल जळत असल्याचे सुचवतो. मीटरवर थोडेच किलोमीटर दिसत असून ब्रेक व क्लचच्या पायपट्ट्यांचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर त्या आकड्याविषयी शंका घ्यावी. टायरवरील चार अंकी खूण तो कोणत्या आठवड्यात व कोणत्या वर्षी तयार झाला हे सांगते. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिकला सोबत नेल्यास त्याची मजुरी सहसा वाया जात नाही.

कागदपत्रांची तपासणी याहूनही महत्त्वाची होय. नोंदणी प्रमाणपत्रावरील इंजिन व चासी क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी जुळले पाहिजेत. गाडी कर्जाऊ घेतलेली असल्यास कर्ज फिटल्याची नोंद झालेली असावी. परराज्यातील असल्यास ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक ठरते. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते, त्यानंतर तपासणी करून तिचे नूतनीकरण करावे लागते. चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, याचे एक कारण इथे सापडते.

पैसे दिले, किल्ली मिळाली, म्हणजे व्यवहार संपला अशी समजूत सर्वत्र आढळते. ती दोघांनाही घातक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार एकाच राज्यातील विक्रीची सूचना विक्रेत्याने १४ दिवसांत, तर खरेदीदाराने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला द्यावयाची असते. नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक मानला जाईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. दुसरीकडे, विमा स्वतःच्या नावे करून न घेणाऱ्या खरेदीदाराला गाडीच्या नुकसानीची भरपाई नाकारली जाऊ शकते. नावबदलाला लागणारा खर्च हा म्हणूनच टाळण्याजोगा खर्च नव्हे. गाडीच्या किमतीचाच तो एक भाग समजला पाहिजे.