दिवा लागला नाही, म्हणून...

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसात. हिंजवडीतून सुटका झालीय, वाकडच्या पुढे ट्रॅफिकही जरा मोकळं झालंय. तुम्हाला डावीकडची लेन हवीय. आरसा बघता, कुणी नाही. स्टिअरिंग वळवता आणि... पीं पीं पीं! दाराला खेटून एक बाइकवाला. तुमच्या छातीत धस्स, त्याच्या तोंडी शिव्या. हा आला कुठून?

तो होताच हो! फक्त तुमच्या ब्लाइंड स्पॉटमध्ये होता. आरशांतून निसटलेला आणि डोळ्याच्या कोपऱ्यात अजून न आलेला.

यावर नव्या गाड्यांमधला उपाय म्हणजे ब्लाइंड स्पॉट मॉनिटर. मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, आतल्या बाजूला रडार असतं. ते रेडिओलहरी सोडतं आणि परत आलेल्या लहरींवरून शेजारचं वाहन किती लांब, किती वेगात आहे ते ओळखतं. कुणी असेल तर आरशात दिवा लागतो. तरीही त्याच बाजूचा इंडिकेटर दिलात, तर दिवा लुकलुकतो, बऱ्याच गाड्यांत बीपही वाजतो. २०२१ साली आलेल्या ह्युंदाई अल्काझारमध्ये वेगळी सोय होती. इंडिकेटर दिला, की त्या बाजूच्या कॅमेऱ्याचं चित्र थेट स्पीडोमीटरच्या पडद्यावर. अर्थात, बघून ठरवायचं तुम्हीच!

फायदा खरा आहे. अमेरिकेतल्या ‘आयआयएचएस’ या संस्थेच्या २०१७च्या अभ्यासात, मॉनिटर असलेल्या गाड्यांचे लेन बदलतानाचे अपघात १४ टक्क्यांनी कमी आढळले. पण १४ म्हणजे १०० नव्हे.

कारण या पहारेकऱ्याचंही एक कुंपण असतं. व्होल्वोच्या सुरुवातीच्या, कॅमेऱ्यावर चालणाऱ्या ‘ब्लिस’ यंत्रणेची नजर साडेनऊ मीटर लांब आणि तीन मीटर रुंद पट्ट्यापुरतीच होती. ताशी १० किलोमीटरच्या आत ती कामच करत नसे. आजच्या रडारलाही बऱ्याच गाड्यांत किमान वेग लागतोच. म्हणजे जाममध्ये, बाइकवाले दोन्हीकडून घुसत असताना, दिवा गप्प राहू शकतो. त्यात बाइक अंगानं बारीक, तिच्यावरून परतणाऱ्या लहरी कमी. शिवाय बंपरवरचा चिखल, धो धो पाऊस किंवा तुम्ही हौसेनं लावलेला स्टीलचा गार्डही रडारची नजर अडवतो.

मग करायचं काय? जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकन इंजिनिअरनं १९९५ मध्ये मांडलेली फुकटातली युक्ती करून बघा. डोकं उजव्या काचेजवळ न्या आणि उजवा आरसा इतका बाहेर फिरवा, की आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल. मग मधोमध झुकून डावा आरसाही तसाच लावा. ब्लाइंड स्पॉट बराच आक्रसतो.

आणि हो, वळण्याआधी मान वळवून एक नजर टाकाच. दिवा लागला म्हणजे कुणीतरी आहे. नाही लागला म्हणजे कुणी नाही, असं मात्र नाही. कार घेण्याआधी त्या बाइकवर तुम्हीच होतात, आठवतंय ना?