स्टीलची फ्रेम निवडताना: सातपुड्याच्या पायथ्याहून

जळगाव जामोदहून सायकलनं निघालं की नांदुऱ्याच्या बाजूला पूर्णेचं सपाट खोरं लागतं. दोन्हीकडं कपाशी, तूर, सोयाबीन. बुऱ्हाणपूरकडं वळलं तर सातपुड्याचा घाट. उन्हाळ्यात डांबर मऊ पडतं, पावसाळ्यात शेतातून रस्त्यावर आलेली काळी माती चाकाला धरते आणि चिमट्यात (फोर्कमध्ये) दाटून बसते, बाभळीचे काटे तर बाराही महिने. रेल्वे धरायची तर नांदुरा गाठावं लागतं. ड्रॉप हँडलची, डिस्क ब्रेकची सायकल समजून दुरुस्त करणारा माणूस अकोल्याच्या अलीकडं मिळेल याची खात्री नाही. या भागात राहून लांब पल्ल्याची रोड सायकल घेणाऱ्यानं कोणती फ्रेम घ्यावी, हा प्रश्न पुण्या-मुंबईतल्या माणसाच्या प्रश्नापेक्षा वेगळा आहे. माझं उत्तर स्टील असं आहे. पण कोणतं स्टील, यापेक्षा कोणत्या मापांचं स्टील, याला मी जास्त महत्त्व देतो.

लांब पल्ल्याची सायकलिंग आता विदर्भाला नवी राहिलेली नाही. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ एकट्यानं पूर्ण केली आणि २०१८ मध्ये रशियातली ट्रान्स-सायबेरियन शर्यतही. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात अमेरिकेची तीच शर्यत पुरी केली होती. अशा बातम्या वाचून ब्रेव्हेकडं, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब फेऱ्यांकडं, वळलेले अनेक जण आहेत. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, सहाशे चाळीस तासांत. यात पहिलं येण्याला काही किंमत नसते. वेळेत पोचायचं, आणि रात्री दोन वाजता आडरानात सायकलनं दगा द्यायला नको, एवढंच मागणं असतं. स्टीलचा विचार इथून सुरू होतो.

आपल्याकडं स्टीलची सायकल म्हटलं की डोळ्यांपुढं दूधवाल्याची काळी सायकल येते. त्यात चूक काही नाही, आपला सगळा इतिहासच तिचा आहे. वरळीची हिंद सायकल्स, आसनसोलची सेन-रॅले, मद्रासची टीआय, सोनिपतची अ‍ॅटलास, लुधियानाची हीरो. पहिल्या दोन कंपन्या १९८० साली कायदा करून सरकारनं ताब्यात घेतल्या. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद झाला, तोही ३ जूनला, जागतिक सायकल दिनी. या कारखान्यांनी देश चाकांवर बसवला. पण त्यांची नळी साध्या पोलादाची, जाड भिंतीची, आणि सायकल वीस किलोच्या घरातली. पुढं गिअरच्या सायकली आल्या तेव्हा ‘चांगली’ म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची असं समीकरण दुकानदारांनी आणि गिऱ्हाइकांनी मिळून पक्कं केलं. मधला एक मोठा टप्पा आपल्या बाजारात जवळपास आलाच नाही: पातळ भिंतीच्या क्रोमोली नळ्यांची हलकी स्टीलची रोड सायकल.

क्रोमोली म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेलं पोलाद. सगळ्यात चालणारा प्रकार ४१३०: सुमारे ०.३ टक्के कार्बन, एक टक्क्याच्या आसपास क्रोमियम, ०.२ टक्के मॉलिब्डेनम. इथं एक गैरसमज फार पसरलेला आहे. महाग स्टील जास्त ताठ असतं असं लोक समजतात. तसं नाही. साधं पोलाद असो की रेनॉल्ड्सची ८५३, एकाच व्यासाच्या आणि एकाच जाडीच्या नळ्या सारख्याच वाकतात. फरक मजबुतीत आहे. चांगलं पोलाद तुटायला आणि कायमचं वाकायला जास्त ताण लागतो, म्हणून भिंत पातळ ठेवता येते आणि फ्रेम हलकी होते. रेनॉल्ड्सच्या ५२५ नळीची ताणशक्ती ७०० ते ९०० मेगापास्कल, उष्णतेची प्रक्रिया केलेल्या ७२५ची १०८० ते १२८०, आणि १९९५ साली आलेल्या ८५३ची १२५० ते १४००.

बटिंग ही या सगळ्यातली सर्वांत हुशार कल्पना. नळीच्या टोकांना जोड येतो, तिथं उष्णता लागते आणि ताणही सगळ्यात जास्त, म्हणून टोकाची भिंत ०.८ मिलिमीटर, मध्ये तेवढी गरज नसते, तिथं ०.५ मिलिमीटर. बाहेरून नळी एकसारखीच दिसते, जाडीतला बदल आत असतो. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सनी याचं पेटंट १८९७ सालीच घेतलं होतं. १९३५ मध्ये त्यांची ५३१ नळी आली आणि पुढची अनेक दशकं शर्यतीच्या सायकली तिच्यावर किंवा मिलानच्या कोलंबसच्या नळ्यांवर धावल्या.

वजनाचं काय, हा पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे. डबल बटेड क्रोमोलीची फ्रेम साधारण दोन किलोची, स्टीलचा चिमटा किलोभराचा. बरोबरीची अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम आणि कार्बनचा चिमटा घेतला तर किलोभर वाचतं. सत्तर किलोचा माणूस, अकरा किलोची सायकल, पाणी आणि सामान चार किलो. या पंचाऐंशी किलोंत एक किलो म्हणजे सव्वा टक्क्याहूनही कमी. तासभराच्या घाटात याचे चाळीस-बेचाळीस सेकंद होतात. शर्यत लढवणाऱ्याला ते मोठे असतील, ब्रेव्हेवाल्याला नाहीत. उलट स्टीलला एक गुण असा आहे की ठरावीक मर्यादेखालचे झटके कितीही वेळा बसले तरी ते थकत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नसते, प्रत्येक झटक्याचा हिशेब त्यात जमा होत राहतो. आमच्या रस्त्यांवर हा गुण कामाचा आहे.

स्टील कुठंही वेल्डिंग करून घेता येतं, हे मात्र अर्धसत्य आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या भिंतीवर ग्रिल आणि ट्रॉलीवाल्याचं आर्क वेल्डिंग लावलं की नळीला भोक पडलंच म्हणून समजा. गॅसवर पितळेचा टाका मारणारा जुना कारागीर सापडला तर कॅरियरचा तुटलेला कान तो नीट जोडून देतो. मुख्य नळीला चीर गेली तर टिग वेल्डिंगवाल्याकडंच जायचं.

आता मापं, कारण पैसे वाया जातात ते इथंच.

मागच्या ड्रॉपआउटमधलं, म्हणजे चाकाचा आस बसतो त्या खाचांमधलं, अंतर पाहा. जुन्या फ्रेममध्ये ते १२६ मिलिमीटर असतं, नंतरच्या रिम ब्रेकच्या रोड सायकलींत १३०, डिस्क ब्रेक आल्यावर १३५, आणि आताच्या थ्रू-अ‍ॅक्सलच्या सायकलींत १४२. आज नवी घेताना १४२ घ्यावी, कारण पुढच्या दहा वर्षांत चाकं याच मापाची मिळतील. स्टीलमध्ये थोडी लवचीकता असते म्हणून सर्लीच्या जुन्या क्रॉस-चेकमध्ये मुद्दाम १३२.५ ठेवलेलं असे. १३० आणि १३५ दोन्ही चाकं तिच्यात बसत. असा शहाणपणा आता दुर्मिळ झाला आहे.

बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा आस फिरतो तो भाग, आट्यांचाच हवा, ६८ मिलिमीटरचा, ज्याला सगळे बीएसए म्हणतात. उजव्या कपाचे आटे उलटे असतात, एवढं लक्षात ठेवलं की तालुक्याच्या मेकॅनिकलाही तो बदलता येतो. ठोकून बसवायचे प्रकार टाळावेत. चिखलपाण्यात ते कुरकुरतात आणि काढायला वेगळं हत्यार लागतं. हेड ट्यूब ४४ मिलिमीटरची असेल तर सरळ आणि निमुळता असे दोन्ही चिमटे बसतात, म्हणजे पुढं चिमटा बदलायची वेळ आली तर अडून राहायचं नाही. सीटपोस्ट २७.२चा, तो सगळीकडं मिळतो.

टायरच्या जागेबाबत मी हट्टी आहे. बत्तीसचा टायर आणि वर मडगार्ड, एवढं सहज बसलं पाहिजे. म्हणजे मडगार्डशिवाय चाळीसपर्यंतची जागा. दोन्ही बाजूंना बोटभर मोकळं राहिलं नाही तर पहिल्या पावसात काळी माती चाक जागेवर धरून ठेवते. आणखी एक गोष्ट: गावातल्या दुकानात मिळणारा अठ्ठावीस-दीडचा टायर ६३५ मिलिमीटरच्या रिमचा आणि रोड सायकलचा ७०० सी ६२२चा. नावं ऐकून एक वाटतात, पण एकमेकांना बसत नाहीत. हायब्रिड सायकलींमुळं ७०० बाय ३५च्या ट्यूब आता बऱ्याच ठिकाणी मिळू लागल्या आहेत. बत्तीसच्या टायरला त्या चालतात.

डिस्क ब्रेक केबलचेच घ्यावेत. हायड्रॉलिक उत्तम असतात यात वाद नाही, पण तेल बदलायला आणि हवा काढायला माणूस हवा. केबल तुटली तर कुठल्याही बसस्टँडजवळ काम होतं. मागच्या गिअरचा हँगर बदलता येण्यासारखा असेल तर फ्रेमबरोबरच दोन जास्तीचे मागवून ठेवावेत. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो आणि तो एवढासा तुकडा नसला म्हणून सायकल महिनाभर पडून राहते.

उंचीनुसार माप निवडताना लोक फ्रेमवर छापलेल्या आकड्यावर विसंबतात. पाच फूट पाच इंचांच्या माणसाला पन्नासची बसेल की बावन्नची, हे त्या आकड्यावरून कळत नाही, कारण प्रत्येक कंपनी तो वेगळ्या ठिकाणाहून मोजते. स्टॅक आणि रीच ही दोन मापं पाहावीत: बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेड ट्यूबचं वरचं टोक किती वर आणि किती पुढं. दिवसभर बसायचं असेल तर वर जास्त, पुढं कमी.

बाजारात काय आहे? मरिनची निकासिओ, सर्लीची मिडनाइट स्पेशल, जेनेसिसची क्रोआ द फेर. ही सगळी क्रोमोली घराण्यातली माणसं. यांतली काही भारतात अधूनमधून येतात, काही मागवावी लागतात, आणि मागवलं की आयातशुल्क लागतं. २२ सप्टेंबर २०२५पासून सायकल आणि सुट्या भागांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, ही चांगली गोष्ट झाली. पण स्वस्तात काम करायचं तर नुसती फ्रेम घेऊ नये. गिअर, ब्रेक, चाकं किरकोळीत घेताना बिल पूर्ण सायकलीच्या वर जातं. तयार सायकल घ्यावी, चालवावी, आणि दोन वर्षांनी चाकं बदलावीत. फ्रेमवर जादा पैसे घालून ७२५ किंवा ८५३ घेण्यापेक्षा साधी ४१३० आणि हातानं नीट बांधलेली चाकं घेतली तर चालवताना फरक जास्त कळतो.

जुनी फ्रेम घेत असाल तर रंग पाहू नका, हात फिरवा. खालच्या तिरप्या नळीच्या पोटाकडून, हेड ट्यूबपासून चार बोटं मागं, बोटांची टोकं सावकाश न्यायची. समोरून धडकलेल्या फ्रेमला तिथं बारीक सुरकुती येते. दिसत नाही, पण बोटाला लागते. मग एक दोरा घ्यायचा. एका ड्रॉपआउटला बांधून पुढं हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला आणून ताणायचा. सीटच्या नळीपासून डावीकडचा आणि उजवीकडचा दोरा किती दूर आहे ते पट्टीनं मोजायचं. एक मिलिमीटरचा फरक चालतो. तीन-चार निघाले तर फ्रेम वाकडी आहे. थोडी वाकडी स्टीलची फ्रेम जाणकार माणूस सरळ करू शकतो, पण ते किमतीत वळतं करून घ्यावं.

राहिला गंज. आमचा भाग खारपाण पट्ट्याचा. विहिरी-बोअरचं पाणी खारट, आणि सायकल धुतली जाते ती त्याच पाण्यानं. गंज बाहेरून दिसतो तेवढा वाईट नसतो, आतला वाईट. सीटपोस्टमधून उतरलेलं पाणी बॉटम ब्रॅकेटपाशी साचतं आणि अर्ध्या मिलिमीटरची भिंत आतून खाल्ली जाते. यावरचा जगभर चालणारा इलाज आपल्या विदर्भाच्या शेतात पिकतो: जवस. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड जवसाचं तेल मिळतं. फ्रेम पूर्ण सुटी असताना प्रत्येक नळीत थोडं ओतायचं, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवायची, जादा तेल निथळू द्यायचं आणि आठवडाभर उघड्यावर वाळू द्यायचं. आत पातळ, चिवट थर बसतो. तेल पुसलेल्या चिंध्या मात्र चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून बाहेर पसराव्यात. बॉटम ब्रॅकेटच्या खाली पाणी निघायचं भोक आहे का ते पाहावं. नसेल तर फ्रेम जोडण्याआधी तीन-चार मिलिमीटरचं पाडून घ्यावं, सीटपोस्टला ग्रीस लावावं, आणि सायकल गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं पुसावी.